गावाला घर बांधतोय, स्मार्ट होमचं काम असं करायचंय की पुढची १५-२० वर्षं भिंत फोडावी लागू नये

रत्नागिरीकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. जरा मोठी पोस्ट आहे पण नीट वाचून सांगा, कारण स्लॅब पडायला तीनच आठवडे राहिलेत आणि त्यानंतर काही बदलता येणार नाही असं सगळे सांगतायत.

रत्नागिरीपासून पाऊण तासावर आमचं कौलारू घर होतं, ते उतरवून त्याच जागी नवीन बांधतोय. खाली ओटी, हॉल, स्वयंपाकघर, आईबाबांची खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची. भिंती जांभ्याच्या, त्यात हॉलची एक भिंत आतूनही प्लास्टर न करता ठेवायचीय, आईला तो चिरा दिसायला हवाय. बाबा ७२ चे, आई ६७ ची, दोघं तिथंच राहणार, मी आणि बायको महिन्यातून एकदा जाऊ.

मला हवंय ते फार नाही. विहिरीवरचा पंप टाकी भरली की बंद व्हावा. रात्री आई उठली की खोलीपासून बाथरूमपर्यंत मंद दिवा आपोआप लागावा. ओटीवर आणि गेटवर कॅमेरा. बाबांना झोपल्या जागेवरून लाईट-पंखा बंद करता यावा. आणि मला पुण्यातून बघता यावं की घरात सगळं ठीक आहे.

एका कंपनीने कोटेशन दिलंय, सगळ्या खोल्यांत काचेचे टच पॅनल, त्यांचाच हब (सगळ्या उपकरणांना जोडणारा मधला डबा), त्यांचंच ॲप. मी विचारलं की १० वर्षांनी तुम्ही नसाल किंवा हे मॉडेल बंद झालं तर काय, तर म्हणाले सर तसं होत नाही. त्या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही. २०२० च्या निसर्ग वादळात दापोलीला मामाकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, नेटवर्क नव्हतं, ते मी जाऊन बघितलंय. तसं पुन्हा झालं तर माझ्या आईला अंधारात ॲप शोधत बसायला लागू नये एवढंच मला बघायचंय. तर आत्ता स्लॅबच्या आधी नक्की काय काय करून ठेवू, आणि काय नंतर घेतलं तरी चालेल?

वायरमन_सांगली

तुम्ही स्लॅबच्या आधी विचारलं हे लई बरं केलं. माझ्याकडं लोक येतात ते रंगकाम झाल्यावर, मग आम्ही काय करणार. मी ३१ वर्षं हेच काम करतोय, घरातली वायर २५-३० वर्षं टिकते, स्विच १०-१५ वर्षं, आणि ही जी वायफायची मोड्यूलं आहेत, म्हणजे स्विचमागं बसवायचे स्मार्ट डबे, ती ५-७ वर्षं चालली तरी चांगलं म्हणायचं. म्हणून जे कमी टिकणार ते असं बसवायचं की स्क्रू काढून बदलता आलं पाहिजे, भिंतीत पुरायचं नाही. भिंतीत फक्त पाईप आणि वायर.

आता स्लॅबचं. शटरिंगवर सळई बांधून झाली की पाईप टाकतात, त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथं हजर पाहिजे, सुट्टी काढा पण जा. २० एमएमचा पाईप सगळीकडं टाकतील, तुम्ही मेन लाईनला २५ चा घ्यायला सांगा, वायर वाढवायची वेळ आली की तो एक साईज मोठा पाईपच कामाला येतो. बेंड कमी, आणि प्रत्येक पाईपात, पुढं वायर ओढता यावी म्हणून, जीआय तार (गंज न धरणारी लोखंडी तार) ओढून दोन्ही टोकं वळवून ठेवायची. खालच्या डीबीपासून (घराचा मुख्य वीजबोर्ड) वर गच्चीपर्यंत एक दोन इंची पाईप पूर्ण मोकळा, त्यात आज काहीच घालायचं नाही. उद्या सोलर बसवाल तेव्हा त्याच्या वायरी त्यातनं खाली येतील, नाहीतर बाहेरून भिंतीवर पाईप लोंबतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, म्हणजे आज ना उद्या तुम्ही बसवणारच. असाच एक ३२ चा पाईप डीबीपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत टाका, इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरला ७ किलोवॅटचा घेतला तर ३२ अँपिअर लागतात, ते काय साध्या प्लगवरनं होत नाही.

दुसरं न्यूट्रल. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल आलाच पाहिजे. ज्या बोर्डात प्लग आहे तिथं येतोच, पण जिन्याच्या टू-वे स्विचला, बाथरूमबाहेरच्या दोन स्विचच्या बोर्डाला वायरमन न्यूट्रल देत नाहीत कारण गरज नसते. स्मार्ट मोड्यूलला मात्र स्वतःला चालायला न्यूट्रल लागतो. एका बोर्डाला चार मीटर वायर जादा लागंल, तेवढ्यासाठी नंतर झिरी मारायची, म्हणजे भिंत खोदायची पाळी येते. बॉक्स खोल घ्या, मोड्यूल बसून वायर वळायला जागा राहिली पाहिजे. नाहीतर प्लेट बसत नाही, मग पोरं वायर दाबून स्क्रू आवळतात आणि दोन वर्षांनी तिथंच जळतं.

आणि तुमची ती उघड्या चिऱ्याची भिंत. तिच्यात नंतर झिरी मारायचा प्रश्नच नाही, दिसणार. तिथं टीव्ही येणार आहे का, दिवा येणार आहे का, आजच ठरवून बांधकामातच पाईप घ्या.

काचेचे टच पॅनल मी स्वतः नको म्हणतो. साधे मोड्यूलर स्विच घ्या जे कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळतात, त्याच्या मागं मोड्यूल. मोड्यूल मेलं तर ते काढून दोन वायरी जोडल्या की स्विच पहिल्यासारखा चालू, तुमच्या गावातला वायरमन पण करंल.

स्वरालीची_आई

दादा, वायरमन काकांनी जे टच पॅनलचं सांगितलंय ते मी भोगलंय म्हणून लिहिते.

आम्ही ठाण्यात रिसेलचा फ्लॅट घेतला, आधीच्या मालकाने सगळं स्मार्ट करून घेतलेलं, आम्हाला वाटलं आयतं मिळालं. सहा पॅनल, काळी काच, दिसायला खरंच सुंदर. पहिली अडचण अशी की सगळं आधीच्या मालकांच्या ईमेलवर रजिस्टर होतं, ते परदेशात, त्यांना पासवर्ड आठवत नव्हता, दीड महिना त्यात गेला. मग वर्षभर चांगलं चाललं. नंतर त्या कंपनीचं ॲप नवीन फोनवर इन्स्टॉल होईना, फोन लावला तर कोणी उचलेना. तरी हाताने पॅनल चालत होते म्हणून आम्ही गप्प बसलो. त्यानंतर पावसाळ्यात बेडरूमचं पॅनल गेलं, आणि एका पॅनलवर त्या खोलीचं सगळंच होतं, दोन ट्यूब, पंखा, नाईट लॅम्प, एसीचा पॉईंट. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्या रात्री पंखा लागत नाही म्हणून आम्ही त्यांना हॉलमध्ये गादी घालून दिली, आणि तसं पुढचे नऊ दिवस चाललं.

कारण नवीन पॅनल मिळत नव्हतं. आणि दुसऱ्या कंपनीचं बसेना, त्या काचेच्या मागचा भिंतीतला खड्डा नेहमीच्या बॉक्सच्या मापाचाच नव्हता. शेवटी सहाच्या सहा ठिकाणी टाईल कापून, बॉक्स बदलून, पॅचवर्क करून साधे स्विच बसवले. किचनच्या टाईलचा तो रंग आता मिळत नाही, तिथं अजून पांढरा चौकोन दिसतो.

तर माझं कळकळीचं सांगणं एवढंच की बॉक्सचं माप बाजारात सगळीकडे मिळतं तेच ठेवा, आणि घराच्या नावाने एक वेगळा ईमेल काढा, सगळी उपकरणं त्यावर घ्या. पासवर्ड वहीत लिहून आईंच्या कपाटात ठेवा. तुमच्या फोनमध्ये असून उपयोग नाही, अडचण आली तेव्हा तुम्ही ट्रेनमध्ये असाल.

लोकल_चालतं_का

स्वरालीची आई म्हणतायत तसं जगभर झालंय. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, ३०० डॉलरच्या आसपास किंमत, लाईफटाईम सेवा म्हणून विकलेला. गुगलच्या नेस्टने ती कंपनी २०१४ ला घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला, हब पूर्ण निकामी. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले, लोकांना कळलं तेच ॲप उघडेना म्हणून. पण त्यातली ज्यांनी घरातल्या घरात चालणारं सॉफ्टवेअर लावलं होतं त्यांचे दिवे चालू राहिले. पुढे त्यातल्याच काही ग्राहकांनी मिळून ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर परत सुरू केले, पण तेवढ्या भरवशावर आपण राहू शकत नाही ना.

म्हणून मी कुठलंही उपकरण घेताना दुकानातच एक गोष्ट विचारतो, इंटरनेट काढून टाकलं तर हे चालतं का. तुमच्या गावी केबल पडली, फायबर तुटला, तरी मोशन सेन्सरने दिवा लागलाच पाहिजे, कारण सेन्सर आणि दिवा यांच्यात दहा फूट अंतर आहे, त्या सिग्नलला मुंबई-सिंगापूर फिरून यायची गरज काय.

आत्ता नवीन घेताना मॅटरचा शिक्का बघा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचं ते सामाईक मानक आहे. ऑक्टोबर २०२२ ला त्याची पहिली आवृत्ती आली, ॲपल, गुगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत, आणि मॅटरचं उपकरण घरातल्या नेटवर्कवरच बोलतं, शिवाय एकच दिवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या ॲपला जोडता येतो. सगळ्या प्रकारची उपकरणं अजून त्यात आलेली नाहीत, म्हणून सेन्सर झिगबीचे (कमी विजेवर चालणारी वायरलेस पद्धत) घ्यायला पण हरकत नाही, बॅटरीवर वर्ष-दोन वर्षं सहज चालतात. वर हे सगळं एकत्र आणायला मी होम असिस्टंट वापरतो, २०१३ पासूनचं ओपन सोर्स आहे, फुकट आहे, छोट्या कॉम्प्युटरवर घरातच चालतं. फक्त मेमरी कार्डवर टाकू नका, कार्ड खराब होतं, एसएसडीवर टाका आणि बॅकअप दर आठवड्याला पुण्याला येईल असं लावून ठेवा.

आता एक बारीक गोष्ट, पण हिच्यापायी मी दोन रविवार घालवलेत. मॅटरच्या प्रत्येक मोड्यूलवर छोटं स्टिकर असतं, क्यूआर कोड आणि खाली ११ आकडी नंबर. मोड्यूल बॉक्समध्ये गेलं, प्लेट बसली, की तो नंबर परत दिसत नाही, आणि रिसेट करायची वेळ आली की तोच लागतो. मला ११ प्लेटा उघडून टॉर्च दातात धरून एकेक नंबर वाचायला लागला. तर बसवायच्या आधी प्रत्येक स्टिकरचा फोटो काढा, फोटोत कागदावर खोलीचं नाव लिहून ठेवा.

आणि राऊटर बदलाल तेव्हा नवीन राऊटरला जुनंच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. नाहीतर ३० उपकरणं पुन्हा सेट करायची, आणि ते काम तुम्ही पुण्यातून करू शकत नाही.

कॅट सिक्सच्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरीबद्दल वायरमन काकांनी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय नीट जात नाही, दोन भिंती ओलांडल्या की संपलं. वरच्या आणि खालच्या मजल्यावर छताच्या मध्यावर एकेक कॅट सिक्स पॉईंट घ्या, पुढे तिथं ॲक्सेस पॉईंट (वायफाय पसरवणारा डबा) लावता येईल आणि त्याला वीजही त्याच वायरीतून जाते. कॅमेऱ्यांनाही तीच वायर, आणि रेकॉर्डिंग घरातल्या डिस्कवर. कॅमेरा घेताना ऑनव्हिफ (कॅमेऱ्यांचं सामाईक मानक) आहे का एवढं विचारा, म्हणजे उद्या रेकॉर्डर एका कंपनीचा आणि कॅमेरा दुसऱ्याचा असला तरी अडत नाही.

रत्नागिरीकर_पुण्यात

मंडळी मनापासून आभार, स्वरालीची आई तुमची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली आणि टच पॅनलचा विषय आमच्याकडून संपला.

आणखी दोन शंका आहेत. माझा मेहुणा म्हणतोय की खरंच २० वर्षं टिकवायचं असेल तर केएनएक्सच (वेगळ्या केबलवर चालणारी स्मार्ट होमची पद्धत) कर, बाकी सगळं खेळणं आहे. कोणी प्रत्यक्ष वापरलंय का? आणि काका, पंप आणि गीझर पण त्या छोट्या मोड्यूलवरच घ्यायचे का, कोटेशनमध्ये तसंच आहे. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) घ्यायचं ठरतंय, वीज वाचवायला.

श्टुटगार्टहून

आम्ही इथं ७ वर्षांपूर्वी घर बांधलं त्यात केएनएक्स आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो. तुमच्या मेहुण्याचं म्हणणं टिकण्याबद्दल बरोबर आहे. हे १९९० च्या दशकात ईआयबी नावाने युरोपात सुरू झालं, आता आंतरराष्ट्रीय मानक आहे, ५०० च्या वर कंपन्या त्याची उपकरणं बनवतात आणि एकाचं स्विच दुसऱ्याच्या रिलेशी (वीज चालू-बंद करणारा भाग) बोलतं. हिरव्या रंगाची वेगळी केबल प्रत्येक स्विचला जाते, तिच्यात ३० व्होल्ट डीसी. मधला हब असा काही नसतोच, प्रत्येक उपकरणात त्याचं त्याचं काम भरलेलं असतं, म्हणून एक बंद पडलं तर बाकीचं घर चालू.

पण दोन गोष्टी गावच्या घराच्या दृष्टीने बघा. त्यात दिव्याची वायर स्विचपर्यंत येतच नाही, सगळ्या दिव्यांच्या वायरी थेट डीबीत जातात आणि स्विचला फक्त ती हिरवी केबल. म्हणजे डीबीतलं काही बिघडलं तर स्विचमागे दोन वायरी जोडून दिवा लावायचा जो उपाय काकांनी सांगितला तो इथं चालत नाही. आणि प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर पैसे देऊन घ्यायचं असतं, ते येणारा माणूस लागतो. आमच्या गल्लीत एकांना इंटिग्रेटरने, म्हणजे यंत्रणा बसवणाऱ्याने, प्रोजेक्ट फाईलच दिली नव्हती, त्याने धंदा बंद केल्यावर एक बटण बदलायला यांना सगळं घर नव्याने प्रोग्राम करायला लागलं. इथं श्टुटगार्टमध्ये दुसरा माणूस तरी मिळाला. रत्नागिरीपासून पाऊण तासावर पावसाळ्यात कोण येणार? माझे आईवडील सावंतवाडीला आहेत, त्यांच्या घरी मी केएनएक्स केलं नाही, साधे स्विच आणि मागे मोड्यूल असंच केलं.

जे काही कराल त्याची फाईल, पासवर्ड, वायरिंगचा नकाशा हे शेवटचं पेमेंट द्यायच्या आधी हातात घ्या.

वायरमन_सांगली

पंप आणि गीझर त्या छोट्या मोड्यूलवर अजिबात नको. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यात आतला रिले चिकटतो. चिकटला म्हणजे ॲपवर बंद दिसतं आणि मोटार चालूच, टाकी रात्रभर वाहते आणि विहीर कोरडी पडली तर मोटार जळते. मोड्यूलनं फक्त कॉन्टॅक्टरची (जास्त करंट झेलणारा मोठा स्विच) कॉईल चालवायची, मोटारीचा करंट कॉन्टॅक्टरनं घ्यायचा. गीझरला पण तसंच. आणि टाकीत साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) त्या कॉईलच्या वायरीतच लावा, म्हणजे मोड्यूल, नेट, ॲप काही नसलं तरी पाणी वर आलं की मोटार बंद.

सेटिंगमध्ये एक असतं, लाईट जाऊन आल्यावर उपकरण चालू व्हावं का बंद राहावं. दिव्याला काहीही ठेवा, गीझर आणि पंपाला बंदच ठेवा. लाईट दुपारी तीनला येते, घरात कोणी जागं नसतं आणि गीझर लागून बसतो.

बीएलडीसी घ्याच, साधा पंखा ७५ वॅट घेतो आणि हा ३० च्या आसपास, इन्व्हर्टरवर दुप्पट वेळ चालंल. पण त्याला रेग्युलेटर चालत नाही, सरळ सप्लाय लागतो, तेव्हा रेग्युलेटरवालं स्मार्ट मोड्यूल त्याला लावू नका, पंखा खराब होतो. बाबांना त्याचा रिमोटच पुरंल, भिंतीवर रिमोट ठेवायचा स्टँड लावा उशापाशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोटेशनमध्ये कोणीच लिहीत नाही. गावाकडं डीपीवरचा न्यूट्रल तुटतो, तेव्हा घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज येतं आणि सगळी मोड्यूलं, राऊटर, टीव्ही एका मिनिटात जातात. डीबीत ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या, एसपीडी (अचानक आलेला जादा दाब जमिनीत सोडणारं उपकरण) घ्या आणि अर्थिंग नीट करा, तुमच्याकडं मे-जूनला आणि ऑक्टोबरला विजा पडतात तेव्हा एसपीडीला जायला चांगली अर्थ लागते. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थ सुकते, खड्डा खोल घ्या आणि पाणी घालायला पाईप ठेवा. आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) एकच घेऊ नका. बाहेरच्या दिव्यांत पावसात ओल जाते, आरसीसीबी ट्रिप होतो, आणि सगळं घर एकावर असलं तर आईवडील रात्री अंधारात. बाहेरचं वेगळं, आतलं वेगळं, आणि राऊटर-कॅमेरे तिसऱ्यावर, ते इन्व्हर्टरवरच घ्या.

रत्नागिरीकर_पुण्यात

काका, तुम्ही जे रिलेचं सांगितलं ते मला माहीतच नव्हतं, विहीर आमची एप्रिलमध्ये खरंच तळाला जाते.

ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर लगेच सांगा. स्लॅबच्या आधी पाईप सगळे वाढवून टाकतोय, गच्चीचा दोन इंची, गाडीच्या जागेचा ३२ चा, छतावर दोन कॅट सिक्स, गेट आणि ओटीला एकेक. सगळ्या बोर्डात न्यूट्रल, खोल बॉक्स, साधे मोड्यूलर स्विच. पहिल्या वर्षी फक्त पंपाचा कॉन्टॅक्टर-फ्लोट, आईच्या वाटेवरचा सेन्सरचा दिवा आणि दोन कॅमेरे. बाकी मोड्यूल आईबाबा तिथं वर्षभर राहिले की त्यांना काय लागतं ते बघून. कोटेशनच्या निम्म्याहून कमी पैशात होतंय आणि उरलेल्यातून अर्थिंग आणि डीबी चांगलं करतो.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, शनिवारी पाईप टाकणार आहेत. वाटेवरच्या दिव्याचा सेन्सर कुठं घ्यायचा तेवढं सांगा, छतावर की भिंतीत खाली?

वायरमन_सांगली

खाली. जमिनीपासून एक फुटावर बॉक्स घ्या, दिवा पण तिथंच, उजेड पायापाशी पडंल आणि बाबांची झोप मोडणार नाही. सेन्सर पलंगाकडं तोंड करून नको, कूस बदलली तरी लागंल, दाराच्या बाजूला वळवा. आणि बोर्डात त्याला वेगळा साधा स्विच द्या, सेन्सर बिघडला तर आई हातानं लावतील.

शनिवारी पाईप टाकून झाले की काँक्रीट पडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक फोटोत टेप धरा, भिंतीच्या कोपऱ्यापासून पाईप किती फुटांवर आहे ते आकडे वाचता आले पाहिजेत. भिंतींचे पण प्लास्टरच्या आधी तसेच. ते छापून घ्या आणि डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवून ठेवा.

रत्नागिरीकर_पुण्यात

टेप बॅगेत टाकली. रविवारी इथं फोटो टाकतो.